घराणे, व्यक्ती आणि नोंद : संजय गांधी यांच्या चरित्रनोंदीच्या निमित्ताने

ज्ञानकोशातील चरित्रनोंद हा दिसायला साधा आणि करायला अवघड असा लेखनप्रकार आहे. चरित्रग्रंथाच्या लेखकाला आपल्या नायकाविषयी भूमिका घेता येते, ती शेकडो पानांत पुराव्यानिशी मांडता येते आणि ग्रंथावर स्वतःचे नाव घालून तिची जबाबदारीही पत्करता येते. नोंदकाराला मात्र थोडक्या जागेत, स्वतःचे मत बाजूला ठेवून असे लिहावे लागते की, त्या व्यक्तीचा चाहता आणि तिचा कडवा विरोधक या दोघांनाही आपली बाजू प्रामाणिकपणे नोंदली गेल्याचे मान्य करावे लागेल. ती व्यक्ती राजकीय घराण्यात जन्मलेली असेल, तिच्याविषयीचे वाद अजून शमले नसतील आणि तिचे आप्त आजही सार्वजनिक जीवनात असतील, तर ही अडचण अनेक पटींनी वाढते. आंतरजालावरील मुक्त ज्ञानकोशात, म्हणजे ज्याची पाने कोणताही वाचक संपादित करू शकतो अशा विकिपीडियासारख्या कोशात, ही अडचण रोजची आहे.

प्रस्तुत व्याख्यानात या प्रश्नाचा विचार इंदिरा गांधी यांचे धाकटे पुत्र संजय गांधी (१९४६–१९८०) या एका उदाहरणाच्या आधारे केला आहे. येथील प्रतिपादन थोडक्यात असे : तटस्थता म्हणजे मौन नव्हे आणि दोन टोकांच्या मधला बिंदूही नव्हे, तटस्थता म्हणजे जबाबदारीची नेमकी वाटणी. कृती ज्याची असेल त्याच्या नावावर, विधान ज्याचे असेल त्याच्या नावावर आणि निष्कर्ष ज्याने काढला असेल त्याच्या नावावर नोंदवणे, एवढेच नोंदकाराचे काम असते आणि तेवढे निष्ठेने केले तरी ते पुष्कळ होते.

कोशपरंपरा आणि मुक्त कोश

मराठीला कोशांची परंपरा नवी नाही. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश, सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांचे प्राचीन, मध्ययुगीन आणि अर्वाचीन अशा तीन कालखंडांचे चरित्रकोश आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाईत आकाराला आलेला मराठी विश्वकोश ही तिची ठळक नावे होत. या कोशांमागे एक संपादक किंवा संपादक मंडळ उभे होते. विश्वकोशातील नोंदीखाली तर लेखकाचे नाव छापलेले असते, त्यामुळे मजकुराला कोण जबाबदार, हा प्रश्न वाचकाला पडत नाही.

१५ जानेवारी २००१ रोजी सुरू झालेल्या विकिपीडियाने आणि १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या त्याच्या मराठी आवृत्तीने ही रचना बदलली. येथे संपादकाची जागा नियमांनी घेतली. त्यांतील तीन नियम पायाभूत आहेत. पहिला तटस्थ दृष्टिकोनाचा : विश्वसनीय स्रोतांत आढळणारी सर्व महत्त्वाची मते, त्या स्रोतांत त्यांना जेवढे वजन आहे तेवढ्याच वजनाने मांडावीत. दुसरा पडताळणीयोग्यतेचा : ज्या विधानाला आक्षेप घेतला जाऊ शकतो, त्याला वाचकाला तपासता येईल असा प्रकाशित संदर्भ असावा. तिसरा स्वतःचे संशोधन न घालण्याचा : नोंदकाराने कागदपत्रे जुळवून स्वतःचा नवा निष्कर्ष काढू नये, इतरांनी काढलेले आणि प्रसिद्ध झालेले निष्कर्ष नोंदवावेत. प्रत्येक लेखामागे एक चर्चा पान असते, तेथे मतभेद युक्तिवादाने सोडवावेत अशी अपेक्षा असते. प्रत्येक बदल लेखाच्या इतिहासात कायम राहतो, त्यामुळे कोणी केव्हा काय घातले आणि काय काढले, हे नंतर कोणालाही पाहता येते.

पहिल्या नियमातील वजनाचा मुद्दा विशेष समजून घेण्यासारखा आहे. दोन बाजूंना समान जागा दिली की समतोल साधला, अशी एक समजूत रूढ आहे. ज्या बाबतीत अभ्यासकांमध्ये जवळजवळ एकमत आहे आणि केवळ एखादा प्रचारकी लेखक वेगळे म्हणतो, तेथे दोघांना अर्धी अर्धी जागा देणे म्हणजे वाचकाची दिशाभूल करणे होय. उलट, जेथे अभ्यासकच खरोखर विभागलेले आहेत तेथे एकाच मताला सत्य म्हणून मांडणे हाही पक्षपातच ठरतो.

नात्याने येणारे ओझे

राजकीय घराण्यातील व्यक्तीविषयी लिहिताना पहिला धोका नात्यातूनच येतो. आजोबा पंतप्रधान, आई पंतप्रधान आणि पुढे थोरला भाऊही पंतप्रधान, अशा कुटुंबातील माणसाची नोंद लिहिताना घराण्याचे श्रेय किंवा घराण्यावरचा राग नकळत त्या एका माणसाच्या पदरात टाकला जातो. विकिपीडियाच्या संकेतानुसार उल्लेखनीयता, म्हणजे स्वतंत्र लेखास पात्र ठरण्याइतके सार्वजनिक महत्त्व, केवळ नात्यामुळे मिळत नाही. याच तत्त्वाची दुसरी बाजू अशी की दोषही नात्यामुळे मिळत नाही. संजय गांधी यांच्या कृतींचा जाब त्यांच्या वंशजांच्या पानावर मागता येत नाही आणि इंदिरा गांधी यांच्या कर्तृत्वाचे श्रेय त्यांच्या मुलाच्या पानावर वळवता येत नाही.

घराण्याविषयीचा राग नोंदींत कसा शिरतो, याचे एक उदाहरण सर्वांसमोर आहे. २०१५ च्या जून महिन्यात इंग्रजी विकिपीडियावरील नेहरू कुटुंबाशी संबंधित पानांवर, त्यांचे पूर्वज मुस्लिम होते अशा आशयाचे निराधार बदल झाले. हे बदल सरकारच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या नावे असलेल्या आयपी पत्त्यावरून झाल्याचे उघड झाले आणि त्यावरून राजकीय वाद झाला. बदल लगेच उलटवले गेले, कारण त्यांना संदर्भाचा आधार नव्हता. इंदिरा गांधी यांचे पती फिरोज गांधी यांच्याविषयीही अशीच अफवा वर्षानुवर्षे फिरत आली आहे. वस्तुतः ते १९१२ साली मुंबईत एका पारशी कुटुंबात जन्मले होते. येथे ध्यानात घेण्याची गोष्ट अशी की, एखाद्याचा पूर्वज अमुक धर्माचा होता असे म्हणणे हा मुळात आरोप ठरूच शकत नाही; तरीही तो आरोपासारखा लिहिला जातो, तेव्हा लिहिणाऱ्याचा हेतू माहिती देण्याचा राहिलेला नसतो.

याच्या उलट टोकाला घराण्याविषयीची निष्ठा असते. पक्षाचे कार्यकर्ते, नातलग किंवा पगारी प्रसिद्धिकार आपल्या नेत्याचे पान स्वतःच लिहू लागले, की अप्रिय परिच्छेद एकेक करून नाहीसे होतात. यालाच हितसंबंधांचा संघर्ष म्हणतात. अशा व्यक्तीने लेखात स्वतः बदल न करता, आपले नाते उघड करून चर्चा पानावर सूचना मांडावी, हा त्यावरचा मान्य मार्ग आहे.

पदाविना सत्ता

संजय गांधी यांच्या बाबतीतील खरी अवघड गोष्ट मात्र वेगळी आहे. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी जाहीर झाली आणि २१ मार्च १९७७ रोजी ती उठली. या संपूर्ण काळात संजय गांधी खासदार नव्हते, मंत्री नव्हते आणि कोणत्याही सरकारी पदावर नव्हते. १९७५ च्या अखेरीस ते युवक काँग्रेसच्या कार्यकारिणीत आले, एवढेच त्यांचे औपचारिक स्थान होते. १९७७ मध्ये ते अमेठीतून लोकसभेची निवडणूक हरले आणि खासदार झाले ते थेट जानेवारी १९८० मध्ये. मंत्र्याच्या कारभाराचा मागोवा फायलींवरील सह्यांतून घेता येतो. ज्याच्याकडे सही करण्याचा अधिकारच नव्हता, त्याच्या सत्तेचा मागोवा कसा घ्यायचा, हा नोंदकारापुढचा प्रश्न आहे.

याचे उत्तर स्रोतांची प्रतवारी करण्यात आहे. न्यायमूर्ती जे. सी. शहा यांच्या अध्यक्षतेखाली मे १९७७ मध्ये नेमलेल्या चौकशी आयोगाने १९७८ साली आपले अहवाल दिले. दिल्लीतील वस्त्यांची पाडापाडी, नसबंदीची मोहीम आणि अटकसत्र यांविषयीची विपुल माहिती त्यांत आहे, आणि घटनात्मक पद नसलेल्या व्यक्तीच्या इच्छेनुसार प्रशासन हलले, असा ठपकाही त्यांत आहे. हा अहवाल टाळून संजय गांधी यांची नोंद लिहिताच येणार नाही. मात्र त्याचे स्वरूपही वाचकाला सांगितले पाहिजे. चौकशी आयोग हे न्यायालय नसते, त्याचा निष्कर्ष म्हणजे दोषसिद्धी नव्हे. आयोग आणीबाणीनंतर सत्तेवर आलेल्या जनता सरकारने नेमला होता. इंदिरा गांधी यांनी त्याच्यापुढे शपथेवर साक्ष देण्यास नकार दिला होता. शिवाय ज्या अधिकाऱ्यांनी संजय गांधी यांच्या तोंडी सूचनांचा दाखला दिला, त्यांना स्वतःवरील जबाबदारी दुसऱ्याकडे सरकवण्यात स्वारस्य असू शकत होते. यातील एकही गोष्ट अहवाल खोटा ठरवत नाही. पण प्रत्येक गोष्ट वाचकाला निर्णय करण्यासाठी लागते, म्हणून ती नोंदीत असली पाहिजे.

आयोगाच्या अहवालापुढे अभ्यासकांचे ग्रंथ येतात. मानवशास्त्रज्ञ एमा टार्लो यांनी 'अनसेटलिंग मेमरीज' या २००३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात दिल्लीतील एका पुनर्वसन वसाहतीची कागदपत्रे आणि तेथील रहिवाशांच्या आठवणी तपासल्या. नसबंदीचे प्रमाणपत्र दाखवल्याशिवाय भूखंड मिळत नसल्यामुळे काही कुटुंबांनी पैसे देऊन दुसऱ्या, अधिक गरीब माणसाला शस्त्रक्रियेसाठी पुढे केले, असे चित्र त्यांतून पुढे येते. सत्ता वरून खाली येताना किती हातांतून जाते आणि पीडितालाही दुसऱ्याच्या पीडेत कशी सहभागी करून घेते, हे अशा अभ्यासाशिवाय कळत नाही. सगळा दोष एका माणसावर टाकणारी नोंद सोपी असते, परंतु ती शेकडो अधिकारी, मुख्यमंत्री आणि मंत्री यांना जबाबदारीतून मोकळे करते. संजय गांधी यांना वगळून केवळ 'प्रशासनाचा अतिरेक' असे लिहिणारी नोंद त्यांना मोकळे करते. नेमकी वाटणी या दोन्हींहून कष्टाची असते.

आकडे आणि निकाल

आकड्यांच्या बाबतीत हा काटेकोरपणा अधिकच आवश्यक ठरतो. शहा आयोगाच्या अहवालानुसार १९७५-७६ मध्ये देशात सुमारे २६ लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या आणि १९७६-७७ मध्ये हा आकडा सुमारे ८१ लाखांवर गेला, तोही ४३ लाखांचे उद्दिष्ट असताना. नसबंदीशी निगडित १७७४ मृत्यूंची नोंदही अहवालात आहे. ८१ लाख ही एकूण शस्त्रक्रियांची संख्या आहे. त्यांतील सर्व सक्तीने झाल्या असे लिहिणे चूक आहे आणि हा वाढता आकडा म्हणजे जनतेचा उत्स्फूर्त प्रतिसाद असे लिहिणेही तितकेच चूक आहे. पगारवाढ, बदली, शिधापत्रिका, भूखंड अशा गोष्टी शस्त्रक्रियेशी जोडल्या गेल्या, की स्वेच्छा आणि सक्ती यांच्यामधली सीमाच पुसली जाते. नोंदीत त्या यंत्रणेचे वर्णन यावे, म्हणजे आकड्याचा अर्थ वाचकाला आपोआप उमगतो.

या मोहिमेची पार्श्वभूमीही व्यक्तीपेक्षा मोठी आहे. कुटुंबनियोजनाचा सरकारी कार्यक्रम १९५२ पासून चालू होता. एप्रिल १९७६ मध्ये केंद्रीय आरोग्यमंत्री करण सिंह यांनी राष्ट्रीय लोकसंख्या धोरण जाहीर केले आणि सक्तीचा कायदा करण्याची मुभा राज्यांना दिली. शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना महाराष्ट्राच्या विधिमंडळाने त्याच वर्षी, तीन अपत्यांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यामुळे त्याचा कायदा झाला नाही. मराठी वाचकासाठी लिहिलेल्या नोंदीत हे आले पाहिजे, कारण त्या काळाचा विचार केवळ दिल्लीकडे बोट दाखवून पुरा होत नाही.

न्यायालयीन बाबतीत क्रम हाच तटस्थतेचा आधार असतो. अमृत नाहटा यांच्या 'किस्सा कुर्सी का' या चित्रपटाच्या प्रती नष्ट केल्याच्या खटल्यात फेब्रुवारी १९७९ मध्ये संजय गांधी आणि माजी माहिती व नभोवाणी मंत्री विद्याचरण शुक्ल यांना शिक्षा झाली. एप्रिल १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द करून दोघांना निर्दोष ठरवले. दरम्यान जानेवारी १९८० मध्ये काँग्रेस पुन्हा सत्तेवर आली होती. केवळ शिक्षा सांगून थांबणे अन्याय्य आहे आणि खटला चाललाच नव्हता अशा थाटात केवळ निर्दोषत्व सांगणे अपुरे आहे. सत्तांतराची तारीख नोंदवता येते, पण निकाल त्या सत्तांतरामुळे लागला असे नोंदकाराला स्वतःहून सुचवता येत नाही. एखाद्या विधिज्ञाने तसे लिहिले असेल, तर ते त्याच्या नावानिशी सांगावे.

मारुतीच्या बाबतीतही श्रेय आणि दोष यांची अशीच गल्लत होते. संजय गांधी यांची मारुती लिमिटेड ही कंपनी १९७१ साली स्थापन झाली आणि तिला वर्षाला ५०,००० गाड्यांचा परवाना मिळाला, परंतु त्या गाडीचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन कधीच झाले नाही. रस्त्यावर आलेली मारुती ८०० ही १९८१ साली स्थापन झालेल्या मारुती उद्योग या सरकारी कंपनीची आणि सुझुकीच्या सहकार्याची निर्मिती होती. पहिली गाडी डिसेंबर १९८३ मध्ये ग्राहकाला मिळाली, तेव्हा संजय गांधी यांच्या मृत्यूला तीन वर्षे उलटली होती. छोट्या स्वदेशी गाडीच्या कल्पनेशी त्यांचे नाव जोडणे रास्त आहे, मारुती उद्योगाचे यश त्यांच्या नावावर मांडणे रास्त नाही.

२३ जून १९८० रोजी दिल्लीच्या सफदरजंग विमानतळाजवळ विमान कोसळून संजय गांधी आणि त्यांच्यासोबतचे कॅप्टन सुभाष सक्सेना यांचा मृत्यू झाला. या अपघाताविषयी घातपाताच्या वदंता उठल्या. विश्वसनीय आधाराशिवायच्या वदंतेला मुक्त कोशात जागा नसते. मात्र त्याच अपघातात मरण पावलेल्या दुसऱ्या माणसाचे नाव नोंदीत असणे हा तटस्थतेचाच भाग आहे, कारण घराण्याच्या प्रकाशात इतरांचे मृत्यू अदृश्य होऊ नयेत. मृत्यूनंतर मिळालेल्या सन्मानांचेही तसेच. मुंबईच्या बोरिवलीतील राष्ट्रीय उद्यानाला आणि महाराष्ट्रातील निराधारांसाठीच्या अनुदान योजनेला त्यांचे नाव आहे. ही वस्तुस्थिती नोंदवावी, परंतु तो कर्तृत्वाचा पुरावा मानू नये.

भाषेतील पक्षपात

मराठीत लिहिताना पक्षपात बहुतेक वेळा क्रियापदांतून शिरतो. 'वस्ती पाडण्यात आली', 'नसबंदी करण्यात आली' अशा कर्मणी रचनेत कर्ता नाहीसा होतो. कर्ता माहीत असेल तर तो लिहावा आणि निश्चित नसेल तर कोणाच्या मते तो कोण होता, हे सांगावे. 'काहींच्या मते', 'असे म्हटले जाते' या शब्दप्रयोगांनी आरोपही करता येतो आणि जबाबदारीही टाळता येते, म्हणून ते टाळलेले बरे. 'हुकूमशहा', 'युवाहृदयसम्राट', 'दूरदर्शी' ही विशेषणे नोंदकाराच्या तोंडी शोभत नाहीत. आदरार्थी बहुवचन मात्र सर्व आधुनिक व्यक्तींना सारखेच द्यावे. आवडत्या नेत्याला 'ते' आणि नावडत्याला 'तो' असा भेद केला, की उरलेल्या मजकुरातील समतोल वाया जातो.

हयात आप्तांविषयी

२००५ साली अमेरिकी पत्रकार जॉन सीगेनथालर यांच्या चरित्रनोंदीत केनेडी बंधूंच्या हत्यांशी त्यांचा संबंध जोडणारा खोटा मजकूर कोणीतरी घातला आणि तो सुमारे चार महिने तसाच राहिला. सीगेनथालर हे रॉबर्ट केनेडी यांचे जुने सहकारी होते, त्यामुळे हा आरोप त्यांना किती जिव्हारी लागला असेल, हे वेगळे सांगायला नको. त्यानंतर विकिपीडियाने हयात व्यक्तींच्या चरित्रांसाठी अधिक कडक धोरण स्वीकारले : संदर्भ नसलेला बदनामीकारक मजकूर चर्चेची वाट न पाहता तत्काळ काढावा. दिवंगत व्यक्तीच्या नोंदीतही हयात नातलगांचे उल्लेख येतात आणि त्यांना हेच धोरण लागू होते. भारतीय दंड संहितेच्या कलम ४९९ मध्ये, कुटुंबीयांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने केलेली मृत व्यक्तीची बदनामी हाही गुन्हा मानला गेला होता, आणि भारतीय न्याय संहितेतही ती तरतूद कायम आहे. मात्र कायद्याचे भय हे तटस्थतेचे कारण असू नये. संदर्भासह लिहिलेली कटू वस्तुस्थिती भीतीपोटी वगळणे हाही वाचकावरील अन्यायच असतो.

मराठी वाचकाची जबाबदारी

मुक्त कोशाला पगारी संपादक मंडळ नाही, म्हणून त्याची विश्वसनीयता त्यात लिहिणाऱ्यांच्या संख्येवर आणि शिस्तीवर अवलंबून असते. इंग्रजीत वादग्रस्त पानावर शेकडो डोळे असतात. मराठीत अनेक पानांना तेवढे लक्ष मिळत नाही, त्यामुळे एखादा चुकीचा परिच्छेद दीर्घकाळ टिकू शकतो आणि वृत्तपत्रे, विद्यार्थी व वक्ते तो पुढे नेत राहतात. महाराष्ट्रातही राजकीय घराणी अनेक आहेत आणि त्यांच्या नोंदींपुढे संजय गांधी यांच्या नोंदीतील प्रत्येक प्रश्न उभा राहणार आहे.

ग्रंथालयांत आणीबाणीच्या काळातील मराठी वृत्तपत्रे व नियतकालिके आहेत, विधिमंडळाच्या कामकाजाचे वृत्तांत आहेत, चरित्रे आणि आत्मचरित्रे आहेत. ती वाचून, पृष्ठांकासह संदर्भ देऊन, एकेक वाक्य तपासून मराठी नोंदी पक्क्या करण्याचे काम प्राध्यापकांनी, पत्रकारांनी, निवृत्त अधिकाऱ्यांनी आणि विद्यार्थ्यांनी हाती घ्यावे. ज्यांचे त्या घराण्याशी किंवा त्याच्या विरोधकांशी नाते आहे, त्यांनी ते उघड करून चर्चा पानावर बोलावे. आपल्याला अप्रिय असलेल्या माणसाची नोंद जो त्याच्या बाजूचा पुरावा न गाळता लिहू शकतो, आणि प्रिय माणसाची नोंद त्याच्याविरुद्धचा पुरावा न लपवता लिहू शकतो, तोच खरा कोशकार. मराठीला अशा कोशकारांची आज नितांत गरज आहे.